मशीन दुसरीला देतो

ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सुटताना मालकानं द्यायची रक्कम, मिळावी म्हणून मी कोर्टात अर्ज केला होता. त्यावर मालकानं दिलेल्या लेखी उत्तराची, म्हणजे कैफियतीची, प्रत हातात पडली तेव्हा घरी जाईपर्यंत दम निघाला नाही, रिक्षातच उघडली. रिक्षा आमच्या ह्यांचीच, तेच न्यायला आले होते. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की अर्जदार बाई जाबदेणाराकडे, म्हणजे मालकाकडे, कामगार म्हणून कधीच नव्हत्या. त्या स्वतंत्र जॉबवर्कर आहेत, स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या सवडीनं शिलाई करून माल आणून देत होत्या. मी ते मोठ्यानं वाचलं. ह्यांनी रिक्षा बाजूला घेतली आणि म्हणाले, "मग चौदा वर्षं रोज सकाळी मी कुणाला सोडत होतो बे?"

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतात, पण शाळेचे गणवेश शिवणारे कारखानेही इथं गल्लोगल्ली आहेत. तसल्याच एका कारखान्यात मी जुलै २००४ मध्ये बसले. काम नगावर. कॉलरचा दर वेगळा, कफचा वेगळा, पूर्ण शर्टाचा वेगळा. शनिवारी संध्याकाळी पाकीट. नेमणुकीचं पत्र नाही, कार्ड नाही, पीएफ नाही. मागायचं सुचलंही नाही. मालक चांगला वागायचा, पोरीच्या लग्नात येऊन आहेर करून गेला. "तू घरचीच की," हे त्याचं नेहमीचं वाक्य. घरच्या माणसाला कोण कार्ड देतं?

गंमत अशी की माझी आई विड्या वळायची, तेही घरी बसून, आणि तिच्याकडे सगळं होतं. कार्ड, पीएफचं खातं, सगळं. विडी-सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा घरी बसून विड्या वळणारीलाही कामगारच धरायचा. कुंभारीच्या विडी घरकुलात तिला घरसुद्धा मिळालं. घरी बसणारी कामगार, आणि कारखान्यात जाऊन बसणारी जॉबवर्कर. कैफियत वाचून दाखवली तेव्हा आई सुपातली पानं बाजूला सारून म्हणाली, "तुझ्यापेक्षा माझं सूप बरं."

भांडण कॉलरवरून झालं. २०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही पाचजणींनी कॉलरला पन्नास पैसे वाढवून मागितले. दसऱ्याच्या सुट्टीनंतर गेलो तर माझ्या मशीनवर दुसरी बाई बसलेली. कामावर देखरेख ठेवणारा मास्तर म्हणाला, "काम नाही आता, असलं की निरोप देतो." मागच्या तीन आठवड्यांची मजुरीही राहिली होती, १८ दिवसांची, सरासरी धरली तर ६,३०० रुपये. "दिवाळीनंतर बघू," असं मालकानं सांगितलं. मी दिवाळीनंतर गेले, संक्रांतीनंतर गेले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तो बायको-मुलांसोबत दिसला, तर मान दुसरीकडे वळवली. तेव्हा कळलं की निरोप काही येणार नाही.

बाकीच्या चौघींपैकी दोघी दुसऱ्या कारखान्यात गेल्या आणि दोघींना मालकानं परत घेतलं. कोर्टात जायला मी एकटीच उरले.

पहिल्या वकिलाकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "नोकरी परत पाहिजे का?" मी नाही म्हणाले. ज्या खुर्चीवरून उठवलं तिथं पुन्हा जाऊन बसायचं नव्हतं. त्यामुळे कामावरून काढल्याबद्दलचा दावा तिथंच सुटला. राहिल्या दोन गोष्टी, तीन आठवड्यांची मजुरी आणि चौदा वर्षांची ग्रॅच्युइटी. मजुरीसाठी त्यांनी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३-क(२) खाली कामगार न्यायालयात अर्ज लावला. ही वाट चुकली, पण ते दोन वर्षांनी कळलं. त्या कलमाखाली न्यायालय फक्त हिशोब करायचं. आधी ठरलेल्या हक्काचे किती रुपये होतात, एवढंच. समोरचा "ही माझी कामगारच नाही" म्हणाला आणि तसं नातं आधी कुठं ठरलेलं नसलं, की तो वाद त्या अर्जात सोडवता यायचा नाही. २०२१ मध्ये आमचा अर्ज ह्याच कारणानं निकाली निघाला. वेतन प्रदान कायद्याखाली मागता आलं असतं, पण तिथं तेव्हा १२ महिन्यांची मुदत असायची आणि ती केव्हाच उलटून गेली होती. उशीर माफीचा अर्ज करता येतो, असं नव्या वकिलांनी सांगितलं. पण ६,३०० रुपयांसाठी आणखी एक फाइल उघडायची माझी ताकद राहिली नव्हती. ते पैसे बुडाले. कुणी माझ्यासारखं अडकलेलं हे वाचत असेल तर एवढं सांगते, बाकी मजुरीसाठी दिवाळीनंतरची वाट बघू नका.

ग्रॅच्युइटीचं मात्र वेगळं आहे. तेव्हाच्या १९७२ च्या कायद्यात आधी मालकाला अर्ज द्यायचा, त्याला फॉर्म आय म्हणायचे. मी तो रजिस्टरनं पाठवला. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं. मी ते चिडून फाडणार होते, तर वकील ओरडले, "अहो, हे सांभाळून ठेवा! हाच तर पुरावा." मग फॉर्म एन, म्हणजे नियंत्रक प्राधिकाऱ्यांकडचा अर्ज. आपल्याकडे ग्रॅच्युइटीचे नियंत्रक प्राधिकारी म्हणून कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच बसायचे. एप्रिल २०१९ मध्ये अर्ज दाखल झाला, सोबत उशीर माफीचा अर्ज. इथं मात्र "कामगारच नव्हती" म्हटलं म्हणून दार बंद होत नाही, कारण देणं लागतं की नाही हा वादही तेच प्राधिकारी ऐकून ठरवतात.

त्यावर आली ती कैफियत. तीन मुद्दे होते. एक, ही कामगार नाही. दोन, आमच्याकडे कधी सातच्या वर माणसं नव्हती, म्हणून कायदा लागूच नाही. तीन, धरलंच कामगार, तरी ही वर्षाला लागणारे २४० दिवस भरत नव्हती, कारण गणवेशाचं काम हंगामी.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य होतं, हे मी आजही कबूल करते. मार्च ते जून आम्हाला मान वर करायला फुरसत नसायची. जूनमध्ये शाळा उघडल्या की काम पातळ व्हायचं. पण पातळ म्हणजे बंद नव्हे. जुलैपासून ऑफिसच्या शिपायांचे, दवाखान्यातल्या आयांचे, बँडवाल्यांचे कपडे यायचे. रोज जायचोच, फक्त पाकीट हलकं व्हायचं.

पहिले वकील तब्येतीमुळे थांबले आणि प्रकरण नव्या वकिलांकडे गेलं. वय कमी, बोलणं तुटक. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "लेखी काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. "काहीच? पाकीट? चिठ्ठी? वही?" वही होती. वह्या होत्या. रोज किती नग झाले ते मी लिहून ठेवायचे, कारण मास्तर मोजण्यात मारायचा. दोन रेघी वही, डावीकडे तारीख, पुढं कॉलर १२०, कफ ६०, शर्ट ९, असं. २०१३ च्या आधीच्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. राहिलेल्या सहा मी पिशवीत घालून नेल्या.

वकिलांनी पानं उलटली. मध्येच थांबून विचारलं, "हे 'उसवले १८' काय आहे?"

मास्तर निळ्या खडूनं फुली मारायचा. शिलाई जरा वाकडी गेली, कॉलरचं टोक बसलं नाही, की फुली. तो नग उसवून पुन्हा शिवायचा, आणि त्याचे पैसे मिळायचे नाहीत. मी रागानं ते वेगळं लिहून ठेवायचे. उसवले १८, उसवले ७. एका दिवशी उसवले ४०, त्या दिवशी मी जेवले नव्हते.

"उसवलेलं पुन्हा कुठं शिवायचं? घरी?"

"घरी कशाला, तिथंच. मास्तर पाठीमागं उभा राहायचा."

"काय म्हणायचा?"

मी सांगितलं काय म्हणायचा ते. सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. वकील चक्क हसले. मला इतका राग आला की वह्या उचलून निघावं असं वाटलं. चाळिशीच्या बाईला सगळ्यांसमोर कसं बोलायचे ते सांगतेय आणि हा माणूस हसतोय. मग त्यांनी मला सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा एक निकाल आहे, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा. तिथले शिंपीही नगावर काम करायचे. यायची-जायची वेळ ठरलेली नव्हती, काहीजण दुसऱ्या दुकानांचंही शिवायचे. दुकानदार म्हणाला, हे माझे कामगार नाहीत. न्यायालयानं बघितलं की मशीन दुकानाचं, कापड दुकान देणार, कसं शिवायचं ते दुकान सांगणार आणि नाही जमलं तर परत शिवायला लावणार. मग ते कामगारच. "ताई, स्वतंत्र धंदा करणाऱ्या माणसाच्या पाठीमागं कुणी खडू घेऊन उभं राहत नाही," ते म्हणाले.

त्या रात्री मी सहाही वह्यांतली 'उसवले' मोजून काढली. बेरीज हजारांत गेली. ते सगळे नग मी फुकट शिवले होते, आणि वकिलांना तेवढीच पानं सगळ्यात जास्त आवडली होती.

मध्ये लॉकडाऊन आला आणि एक वर्ष तसंच गेलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी घरी मास्क शिवले.

माझा उलटतपास २०२२ च्या मार्चमध्ये झाला. सरतपास, म्हणजे आपल्या बाजूचं सांगणं, शपथपत्रावर होतो, तो सोपा, वाचून सही करायची. उलटतपासाला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले होते, तरी हात थरथरत होते. मालकाच्या वकिलांनी अगदी गोड आवाजात सुरुवात केली.

"तुमच्या घरी शिलाई मशीन आहे?"

"आहे."

"त्यावर लोकांचे कपडे शिवता?"

"रात्री ब्लाउज शिवते."

"पैसे घेता?"

"घेते की."

"म्हणजे तुमचा स्वतःचा शिलाईचा व्यवसाय आहे, हे बरोबर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी चूल आहे म्हणून मी हॉटेलवाली झाले काय?" कोर्टात कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीश साहेबांनी वर न बघता सांगितलं, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. लिहून घेतलेल्या साक्षीत माझी चूल काही आली नाही. आलं ते एवढंच, 'घरी मशीन आहे व रात्री ब्लाउज शिवते हे खरे.' वकिलांनी नंतर बाहेर चहा पाजला आणि समजावलं, सर्वोच्च न्यायालयातले ते शिंपीही बाहेरचं शिवत होते, काळजी करू नका. पण तो दिवस मला हरल्यासारखाच वाटला.

वह्यांवरही प्रश्न आले. ह्या तुम्हीच लिहिल्या? हो. मालकाची सही कुठं आहे? नाही. म्हणजे काल रात्री बसूनही लिहिता येतील? मी म्हणाले, येतील, पण २०१६ च्या वहीवर तेलाचे डाग पडलेत, ते काल रात्रीत कसे जुने करणार? ह्या वेळी कुणी हसलं नाही.

माणसं किती होती, हा मुद्दा एका फोटोनं सोडवला. कायद्यात असं आहे की मागच्या १२ महिन्यांत कुठल्याही एका दिवशी १० माणसं कामावर असली तरी पुरे, आणि एकदा कायदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली तरी तो लागूच राहतो. आमच्याकडे खंडेनवमीचा एक फोटो निघाला. मशीन धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ओळीनं मांडलेली. मधोमध मालक नारळ फोडतोय, आणि मागं आम्ही बायका, पोटाशी ताटं धरून. वकिलांनी भिंग घेऊन माणसं मोजली. सतरा. मशीन मोजली तर बावीस. मागच्या भिंतीवर कॅलेंडर, ऑक्टोबर २०१५. मालकाच्या वकिलांनी म्हटलं, पूजेला शेजारपाजारच्याही बायका येतात. मग आमच्या वकिलांनी मालकालाच विचारलं, "शेजारच्या बायका गळ्यात मोजपट्टी घालून पूजेला येतात का?" फोटोत आमच्यापैकी नऊजणींच्या गळ्यात मोजपट्टी होती. मी तो फोटो सात वर्षं बघत होते आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं.

२००४ पासून होते हे मात्र मला एकटीला सिद्ध करता येत नव्हतं. त्यासाठी अक्का लागल्या. अक्का माझ्या आधीपासून तिथं होत्या, २०१७ ला डोळ्यांमुळे थांबल्या. त्यांच्या मुलाच्या ऑपरेशनला मालकानं पंधरा हजार उचल दिली होती आणि पुढं अर्धी सोडूनही दिली होती. मी साक्षीला या म्हटल्यावर त्या दोन महिने टाळत राहिल्या. मी त्यांना दोष देत नाही. एका संध्याकाळी आपणहून आल्या. हातात शेंगाचटणीची पुडी. म्हणाल्या, "मालकाविरुद्ध मी काही बोलणार नाही. खरं विचारलं तर खरं सांगेन." कोर्टात तेच केलं. "हिला बॉबिन कशी भरायची ते मी दाखवलं. माझा थोरला दहावीला होता त्या वर्षी." मालकाकडे एकदाही बघितलं नाही. मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर मार्च २००५ होतं. मी जुलै २००४ ला बसले तेव्हा तो नुकताच दहावीला गेला होता, हिशोब जुळला.

आणि मग मास्तरचा आवाज.

माझ्या जुन्या फोनवर व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज होते. स्क्रीनला तडा गेलेला, मुलीनं तो फोन टाकून द्यायला सांगितलं होतं, मी मसाल्याच्या डब्यामागं ठेवला होता. २०१८ च्या मे महिन्यातला एक मेसेज. पोरीच्या सासरी कार्यक्रम होता म्हणून मी एक दिवस खाडा केला होता, त्या रात्रीचा. वकिलांनी तो पेन ड्राइव्हवर घेतला आणि पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र माझ्या सहीनं लावलं. ते नसेल तर असला पुरावा वाचलाच जात नाही म्हणे. मास्तर मालकाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. शपथपत्रात त्यानं लिहून दिलं होतं की अर्जदार बाई स्वतःच्या घरच्या मशीनवर काम करत, कारखान्यात फक्त माल द्यायला येत. आमच्या वकिलांनी मेसेज लावला. छोटासा स्पीकर होता, आवाज फाटत होता, पण शब्द स्वच्छ.

"उद्या आठला यायलीस का नाही? नाही आलीस तर मशीन दुसरीला देतो, मग बस बोंबलत."

"हा आवाज तुमचा?"

"वाटतो तसा."

"तुमचाच ना?"

"हो."

"कुठलं मशीन दुसरीला देणार होतात? त्यांच्या घरचं?"

मास्तर गप्प. न्यायाधीश साहेबांनी टंकलेखकाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "उत्तर द्या." तो म्हणाला, "कारखान्यातलं."

मे २०१८ मध्ये तो मेसेज ऐकून मी मोरीत जाऊन रडले होते. पोरगी पाहुण्यांसमोर विचारत होती, काय झालं. डिलीट करायचा म्हणून बोट ठेवलंही होतं. का केला नाही ते आठवत नाही. कदाचित पाण्यानं बोट ओलं असेल.

निकाल फेब्रुवारी २०२३ मध्ये लागला. हजेरीपुस्तक आणि पगारपत्रक हजर करा, असा आदेश आमच्या अर्जावर आधीच झाला होता. मालकानं ते आणलं नाही. कामगार असल्याचं आणि दिवस भरल्याचं पहिलं ओझं कामगारावरच असतं, हे खरं. पण मी वह्या, फोटो, साक्षीदार दिल्यावर आणि मालकानं स्वतःजवळचं रजिस्टर दाबून ठेवल्यावर न्यायालयानं त्यातून त्याच्याविरुद्ध अनुमान काढलं. नगावरच्या कामगाराचा रोज ठरवताना शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी काढतात, ओव्हरटाइम सोडून. माझी वहीवरून आली २७,३०० रुपये, ७८ दिवस, म्हणजे रोज ३५०. पंधरा दिवसांचे ५,२५०, गुणिले १४ वर्षं, ७३,५००. वर दहा टक्के सरळ व्याज. इथं हंगामानं मला मारलं. मे-जूनमध्ये काढलं असतं तर सरासरी पाचशेच्या घरात गेली असती. मालकानं दसऱ्याला काढलं, तेव्हा मागचे तीन महिने मंदीचे. कायद्याला मे महिना दिसत नाही.

मालकानं औद्योगिक न्यायालयात अपील केलं. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात एक चांगली अट आहे. मालकाला ६० दिवसांत अपील करायचं असतं आणि करण्याआधी ग्रॅच्युइटीची रक्कम भरावी लागते, नाहीतर अपील घेतच नाहीत. त्यामुळे ७३,५०० जमा झाले आणि मुदतठेवीत गेले. पैसे आहेत पण हात लावता येत नाही, अशी दोन वर्षं. ह्या काळात मी कोर्टात फार गेले नाही, कारण अपिलात पुन्हा साक्षी होत नाहीत. वकील जायचे आणि फोनवर सांगायचे, आज त्यांनी तहकुबी घेतली. ह्यांनी एकदा विचारलं, "तहकुबी म्हणजे त्यांची सुट्टी आणि आपला खाडा, असंच ना?" फेब्रुवारी २०२५ मध्ये अपील फेटाळलं.

त्यावर मालक रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेला. नोटीस आली तेव्हा मुंबई लिहिलेलं होतं. मी सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट किती ते विचारून ठेवलं. तेवढ्यात १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे गेला. वकील म्हणाले, तुम्ही यायची गरज नाही. मी म्हटलं, सात वर्षं झाली, मला बघायचंय. रात्रीच्या एसटीनं सांगोला, मिरज करत पहाटे कोल्हापुरात उतरले. सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या इमारतीत वकिलांची ही गर्दी. आमचा पुकारा झाला तेव्हा साडेबारा वाजले असतील. बोलणं सगळं इंग्रजीत. मालकाचे वकील बोलले, साहेबांनी काहीतरी विचारलं, ते पुन्हा बोलले. आमच्या वकिलांनी तोंडही उघडलं नव्हतं आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. मी बाहेर येऊन विचारलं, "पुढची तारीख कधी?"

"तारीख नाही. संपलं. फेटाळलं."

दोन्ही कोर्टांनी पुरावा बघून एकच निष्कर्ष काढला असेल, तर रिटमध्ये तो पुरावा पुन्हा चाळत बसत नाहीत, असं त्यांनी समजावलं. चार मिनिटं लागली असतील. मी अंबाबाईला जाऊन आले आणि दुपारची गाडी पकडली. हा डिसेंबर होता. आधल्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या होत्या. गाडीत शेजारच्या बाईनं माझी गोष्ट ऐकून विचारलं, आता वर्षभरातच ग्रॅच्युइटी मिळते म्हणे? मी म्हटलं, मुदतीच्या करारावर नेमलं असेल तर. आमच्या लाइनीत करार कोण देतं?

जमा रक्कम काढायच्या अर्जाला एक महिना लागला. आधारवर माझं नाव सासरचं, बँकेत माहेरचं आडनाव लागलेलं, त्याचं शपथपत्र करावं लागलं. ७३,५०० आणि त्यावरचं मुदतठेवीचं व्याज खात्यात आलं. निकालातलं दहा टक्के व्याज मालकानं अजून दिलेलं नाही. त्यासाठी वसुली दाखल्याचा अर्ज केलाय. तो दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. होईल तेव्हा होईल.

वह्या मात्र अजून कोर्टातच आहेत. पुराव्याच्या निशाण्या २३ ते २८. परत मिळाव्यात म्हणून अर्ज दिलाय, कारण २०१६ च्या वहीच्या मागच्या पानांवर आमच्या गल्लीतल्या भिशीचा हिशोब आहे, आणि समोरच्या वहिनी सात वर्षं म्हणतायत की त्यांचे दोन हप्ते माझ्याकडे जास्त गेले. गेले नाहीत, मला पक्कं आठवतंय. पण लेखी दाखवल्याशिवाय त्या ऐकणार नाहीत.